परिचारिकेची पदवी आणि घरचा आधार

रात्रपाळी आटोपून सकाळी घरी येणारी आणि आल्याबरोबर ओट्यापाशी उभी राहणारी परिचारिका सून आपल्या वाचकांपैकी काहींच्या घरी असेल. जी.एन.एम. पदविकेवर तिची नोकरी चालते. परंतु पुढे एम.एस्सी. करून परिचर्या महाविद्यालयात अध्यापिका व्हावयाचे, तर आधी पदवी हवी.

आपल्या देशात परिचर्येचे पदवी-शिक्षण १९४६ साली दिल्ली व वेल्लोर येथे सुरू झाले. नोंदणीकृत परिचारिकेला त्यासाठी चार वर्षे पुन्हा शिकावे लागत नाही. पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंगचा नियमित अभ्यासक्रम दोन वर्षांचा असतो. सूक्ष्मजीवशास्त्र, मानसशास्त्र, संशोधन, संख्याशास्त्र व प्रशासन यांचा त्यात अंतर्भाव होतो. वर्षानुवर्षे हातांनी केलेल्या कामामागील कारणे तेथे उलगडतात.

महाराष्ट्रात शिकून विवाहानंतर इंदूर-बडोद्यास आलेल्या भगिनींनी नव्या राज्याच्या परिचर्या परिषदेतील नोंदणीचे काम आधी हाती घ्यावे. प्रवेशाच्या वेळी धावपळ करण्यात अर्थ नाही.

मात्र खरी अडचण वेळेची आहे. अभ्यासाची हौस असूनही घरकामाच्या ओझ्याने कित्येकजणी अर्ज करीत नाहीत. तेव्हा दोन वर्षे ओट्यापाशी घरातील इतरांनी उभे राहावे, एवढीच विनंती.