भविष्य सांगायचं नसेल, तर त्याचा अभ्यास कशाला?



'भविष्य अभ्यास' असं विषयाचं नाव काढलं की समोरचा माणूस हमखास तळहात पुढे करतो. विनोद जुना आहे, पण त्यामागची समजूत पक्की आहे. भविष्याबद्दल कुणी काही मांडलं, की ते पुढे खरं ठरलं की नाही एवढ्यावरच त्याची किंमत करायची! पीएच.डी.साठी प्रस्ताव लिहिणारे विद्यार्थीही बऱ्याचदा याच वाटेने जातात. 'अमुक अहवालातले अंदाज किती बरोबर आले' असा विषय घेतात आणि मध्येच अडकतात. का अडकतात, ते आज एका खऱ्या उदाहरणावरून बघू. वर्णभेदाची राजवट संपत असताना दक्षिण आफ्रिकेतल्या बावीस जणांनी मिळून आपल्या देशाची चार भविष्यं लिहिली. त्यातली तीन खरी ठरू नयेत, हाच लिहिण्यामागचा हेतू होता. आता सांगा, ती खरी ठरली नाहीत तर अभ्यास चुकला म्हणायचं का?

आधी शब्द नीट लावून घेऊ

अंदाज वेगळा आणि भविष्यचित्र वेगळं. पुढच्या वर्षी विजेची मागणी किती वाढेल, हा अंदाज. तो मागच्या आकडेवारीवर उभा असतो, आणि कालचे नियम उद्याही चालतील हे त्यात गृहीत धरलेलं असतं. बहुतेक वेळा ते चालतातही. पण नियमच बदलणार असतील, तर मागची आकडेवारी कितीही नीट मांडली तरी उपयोग होत नाही. अशा वेळी भविष्यचित्रं कामाला येतात. यांनाच 'सिनॅरिओ' म्हणतात. हा शब्द मूळचा नाटक-सिनेमाच्या जगातला. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या रँड कॉर्पोरेशनमध्ये हर्मन कान यांनी अणुयुद्धाच्या शक्यतांचा विचार करताना तो या अर्थाने रूढ केला.

पुढे शेल या तेल कंपनीत पियेर वाक यांनी ही पद्धत बरीच पुढे नेली. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्या गटाने वरिष्ठांपुढे असं चित्र ठेवलं, की तेल कायम स्वस्त राहील हे धरून चालू नका, उत्पादक देश पुरवठा आवळू शकतात. ऑक्टोबर १९७३मध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटलं आणि काही महिन्यांत एका पिंपाचा भाव सुमारे ३ डॉलरवरून १२ डॉलरच्या घरात गेला.

वाक यांनी पुढे आपली पद्धत समजावताना चक्क गंगेचं उदाहरण दिलं. वरच्या खोऱ्यात धो धो पाऊस झाला, की ऋषिकेशला, मग अलाहाबादला आणि मग बनारसला पाणी चढणार. त्यासाठी ज्योतिषी लागत नाही. सांगलीकरांना तर हे वेगळं समजवायलाच नको. कोयनेतून विसर्ग वाढला की आयर्विन पुलाकडे सगळ्यांचे डोळे लागतात. हे झाले 'ठरलेले घटक'. पाऊस पडून गेलाय, पाणी फक्त वाटेत आहे. दुसरे असतात 'अनिश्चित घटक'. पुढचा पाऊस किती पडेल, लोक वेळेवर गाव सोडतील का, वगैरे. भविष्यचित्रं लिहिताना हे दोन्ही वेगळे काढणं, हेच निम्मं काम असतं.

मॉन्ट फ्लरमध्ये काय झालं?

आता दक्षिण आफ्रिकेकडे येऊ. फेब्रुवारी १९९०मध्ये नेल्सन मंडेला तुरुंगातून सुटले. पण निवडणूक व्हायला अजून चार वर्षं होती आणि तोपर्यंत काय होईल याचा कुणालाच भरवसा नव्हता. वाटाघाटी सुरू होत होत्या, फिसकटत होत्या. हिंसाचार थांबत नव्हता. अशा काळात, १९९१-९२मध्ये, केप टाऊनजवळच्या स्टेलेनबॉश भागात मॉन्ट फ्लर नावाच्या ठिकाणी हे बावीस जण काही बैठकांसाठी एकत्र आले. त्यात राजकीय कार्यकर्ते होते, कामगार संघटनांचे लोक होते, उद्योजक आणि अर्थशास्त्रज्ञ होते. एरवी एकमेकांच्या विरोधात उभी राहणारी ही माणसं. पुढाकार वेस्टर्न केप विद्यापीठातले प्राध्यापक पीटर ल रू यांचा होता आणि चर्चा चालवायला शेलमधून अ‍ॅडम कहेन आले होते.

चर्चेचा एक नियम फार महत्त्वाचा होता. 'काय व्हायला हवं' ते बोलायचं नाही, फक्त 'काय होऊ शकतं' ते बोलायचं. ऐकायला साधं वाटतं, पण विचार करून बघा. काय व्हायला हवं यावर बोलायला लागलं की प्रत्येक जण आपापल्या पक्षाचा झेंडा धरून बसतो. काय होऊ शकतं यावर बोलताना मात्र आपल्याला न आवडणारी गोष्टही कबूल करावी लागते. 'समजा असं झालं, तर पुढे काय? आणि ते का होईल?' एवढेच प्रश्न विचारायचे. सुरुवातीला सुमारे तीस गोष्टी निघाल्या. गाळत गाळत चार उरल्या.

या चार गोष्टी तीन प्रश्नांवर उभ्या आहेत. पहिला प्रश्न, वाटाघाटीतून तोडगा निघेल का? नाही निघाला तर चित्र पहिलं: 'शहामृग'. सरकार वाळूत डोकं खुपसून बसतं आणि प्रश्न चिघळत जातो. तोडगा निघाला तर दुसरा प्रश्न, सत्तांतर लवकर आणि ठामपणे होईल का? नाही झालं तर 'लंगडं बदक'. सगळ्यांना सांभाळून घेता घेता सरकारला काहीच करता येत नाही, आणि गुंतवणूकदारही वाट बघत बसतात. सत्तांतर नीट झालं तर तिसरा प्रश्न, नव्या सरकारची धोरणं टिकाऊ असतील का? नसतील तर 'इकॅरस'. ग्रीक पुराणकथेतला हा मुलगा मेणाचे पंख लावून सूर्याच्या फार जवळ उडतो आणि कोसळतो. म्हणजे लोकप्रिय सरकार येतं, गरिबांसाठी भराभर खर्च करतं, थोडे दिवस सगळं छान दिसतं आणि मग तिजोरी रिकामी होऊन अर्थव्यवस्था खाली येते. तिन्ही प्रश्नांचं उत्तर 'हो' आलं तरच चौथं चित्र, 'फ्लेमिंगोंचं उड्डाण'. हे पक्षी सावकाश उठतात, पण एकत्र उठतात.

जुलै १९९२मध्ये ही चित्रं वर्तमानपत्राची पुरवणी म्हणून छापून आली. अर्ध्या तासाची चित्रफीतही निघाली. ज्याला अर्थशास्त्राचा गंध नाही त्यालाही 'आपण शहामृग की बदक' एवढं विचारता येऊ लागलं. हे किरकोळ वाटेल, पण समाजाला एखाद्या धोक्यावर बोलायचं असेल तर त्या धोक्याला आधी नाव लागतं.

मग उपयोग झाला का?

इथेच खरं संशोधन सुरू होतं. बावीस जणांमध्ये ट्रेव्हर मॅन्युएल आणि टिटो म्बोवेनी होते. मॅन्युएल १९९६मध्ये अर्थमंत्री झाले आणि २००९पर्यंत त्या पदावर राहिले. म्बोवेनी आधी कामगारमंत्री आणि मग १९९९पासून देशाच्या रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते. १९९६मध्ये सरकारने 'गिअर' नावाचं आर्थिक धोरण आणलं. त्यात तूट आवरण्यावर भर होता. म्हणजे इकॅरसची गोष्ट लिहिणारे लोकच पुढे तिजोरीपाशी बसले आणि त्यांनी हात आखडता घेतला. किती सरळ जुळतंय ना?

सावध राहा. इतकं सरळ जुळलं की संशोधकाने थांबायला हवं. सोव्हिएत संघ नुकताच कोसळला होता. जागतिक बँक, नाणेनिधी, देशातले मोठे उद्योग, चलनाची घसरण हे सगळं त्याच दिशेने ढकलत होतं. मॉन्ट फ्लर झालंच नसतं, तरी 'गिअर' आलं असतं का? देश एकच आहे. बाजूला मॉन्ट फ्लर न झालेली दुसरी दक्षिण आफ्रिका ठेवून तुलना करता येत नाही. मग करायचं काय? प्रक्रियेचा माग काढायचा. बैठकीच्या आधी या माणसांची भाषणं आणि लेख काय म्हणत होते, नंतर काय म्हणू लागले? पक्षाच्या कागदपत्रांत नवे शब्द कधी शिरले? इकॅरसचा दाखला कुणी, कुठे आणि कुणाला गप्प करायला दिला? असा एकेक दुवा जोडत गेलात, तर 'परिणाम झाला' असं ठोकून न देता 'इथे इथे परिणाम दिसतो' एवढं तरी पुराव्यानिशी म्हणता येतं.

शेवटचा, 'गप्प करायला' हा मुद्दा मुद्दाम घातलाय. मॉन्ट फ्लरचं कौतुक खूप झालंय, पण त्याची दुसरी बाजूही बघायला हवी. जास्त खर्चाची भीती ज्या चित्रात भरली, त्याच चित्राने गरिबांसाठी वेगळ्या वाटा शोधण्याचं धाडस कमी केलं का? 'गिअर'मधून अपेक्षित नोकऱ्या निर्माण झाल्या नाहीत. उत्पन्नातली विषमता तिथे आजही जगातल्या सर्वांत जास्त विषमतांपैकी एक आहे. अर्थव्यवस्था कोसळली नाही हे खरं, पण सगळे फ्लेमिंगो एकत्र उठले असंही म्हणता येत नाही. भविष्यचित्र लिहिणं म्हणजे कशाला घाबरायचं ते ठरवणं, आणि ते ठरवणारा माणूस सत्ता वापरत असतो. म्हणून बैठकीत कोण होतं याच्याइतकंच, कोण नव्हतं हेही विचारावं लागतं.

एकदा करून भागत नाही

मॉन्ट फ्लर हा संकटकाळातला एक प्रयोग होता. काही देशांनी हे काम रोजच्या कारभारात आणलंय. फिनलंडच्या संसदेत १९९३ साली 'भविष्य समिती' स्थापन झाली आणि २०००मध्ये ती कायमची झाली. तिच्यात १७ खासदार असतात. सरकार प्रत्येक कार्यकाळात एकदा भविष्याबद्दल अहवाल मांडतं आणि ही समिती त्यावर आपलं म्हणणं देते. यातली गंमत अशी, की पुढच्या निवडणुकीपलीकडचा विचार करणं हे इथे कुणाच्या मनाच्या मोठेपणावर सोडलेलं नाही. ते कामकाजातच बसवलंय. सवय लागली, की संकट आल्यावर पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

तुमच्या प्रस्तावासाठी

या विषयात काम करायचं मनात असेल, तर लिहायला बसण्यापूर्वी चार प्रश्न स्वतःला विचारा.

१. माझ्या उदाहरणात अंदाज आहे की भविष्यचित्र? दोन्हींना एकच फूटपट्टी लावत नाहीये ना?

२. त्यात ठरलेले घटक कोणते आणि अनिश्चित कोणते? लेखकांनी ते वेगळे केलेत का?

३. त्या चित्रामुळे कुणाचा कोणता निर्णय बदलला असं मी म्हणतोय किंवा म्हणतेय? त्याचा पुरावा मिळण्यासारखा आहे का?

४. चित्र लिहिणारे कोण होते, आणि त्याचे परिणाम भोगणारे कोण?

तिसऱ्या प्रश्नावर सगळ्यात जास्त वेळ द्या. समाज भविष्याला तयार आहे की नाही, हे ते भविष्य उगवल्यावर कळतंच. संशोधकाला ते आधी, आजच्या निर्णयांत शोधायचं असतं. अर्थसंकल्पातल्या एखाद्या तरतुदीत, एखाद्या कायद्याच्या मसुद्यात, कुठेतरी साठवून ठेवलेल्या धान्यात. असं एक ठिकाण सापडलं, की तुमचा विषय सापडला म्हणून समजा.

काही अडलं तर विचारा. आणि हो, तळहात बघण्याचं काम मात्र आमच्याकडे होत नाही!