जेनेरिक संग्रह, जावा भाषेतील
जावा या संगणक भाषेत यादी, संच इ. संग्रहांत कोणत्या प्रकारच्या वस्तू ठेवावयाच्या, हे संग्रह घोषित करतानाच नमूद करण्याची सोय आहे. अशा संग्रहांस जेनेरिक संग्रह म्हणतात. १९९८ सालच्या १·२ या आवृत्तीत संग्रहांची सुसूत्र चौकट आली, तेव्हा ही सोय नव्हती. संख्यांच्या यादीत चुकून अक्षरमाला शिरली, तरी कंपायलरला ते कळत नसे. आज्ञावली चालू असताना, बहुधा मूळ चुकीपासून दूर, ‘क्लासकास्टएक्सेप्शन’ हा दोष उद्‌भवे. ब्राचा, ओडर्स्की, स्टाउटमायर व वॉडलर यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या ‘जीजे’ या आराखड्याच्या आधारे २००४ सालच्या पाचव्या आवृत्तीत जेनेरिकचा समावेश झाला व अशी चूक आधीच पकडली जाऊ लागली.

प्रकारांची विसंगती : इंटिजर हा नंबरचा उपप्रकार असला, तरी इंटिजरची यादी ही नंबरच्या यादीचा उपप्रकार नव्हे. तसे मानले असते, तर नंबरची यादी म्हणून तीत २·५ ही संख्या घालता आली असती व पूर्णांकांची यादी दूषित झाली असती. ॲरेच्या बाबतीत मात्र भाषेने ही मुभा दिली असल्याने तेथे चूक आज्ञावली चालू असतानाच उघडकीस येते.

निवारण : एखाद्या कृतीला यादीतील घटक केवळ वाचावयाचे असल्यास प्रकाराच्या जागी प्रश्नचिन्ह व ‘एक्स्टेंड्स नंबर’ असे लिहितात. मग इंटिजरची यादीही चालते परंतु तीत भर घालता येत नाही. इंटिजर घटकांची भर घालावयाची असल्यास ‘सुपर इंटिजर’ योजतात. वाचन व भर ही दोन्ही हवी असल्यास नेमका प्रकार द्यावा लागतो.

जुन्या आज्ञावली चालत राहाव्यात म्हणून कंपायलर भाषांतरानंतर संग्रहाच्या प्रकाराची नोंद पुसून टाकतो. यामुळे प्रकार न लिहिता घोषित केलेल्या यादीतून परका घटक शिरू शकतो. कंपायलर त्याबद्दल इशारा देतो. सक्तीचे प्रकारांतर करून किंवा इशारा दडपून केवळ लक्षण नाहीसे होते, दोष राहतोच. घटक कोठून शिरतो हे शोधण्यासाठी ‘चेक्डलिस्ट’ हे वेष्टन उपयोगी पडते. ते परका घटक आत घालतानाच अडविते.