रुग्ण येतो, पण गणला कोठे जातो?

माणूस आजारी पडल्यावर कोणाकडे जातो, याविषयी वैद्यवर्गात अनुमाने पुष्कळ आणि आकडे थोडे असतात. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीत (जुलै २०१७ ते जून २०१८) सुमारे १ लाख १४ हजार कुटुंबांकडून ही माहिती घेण्यात आली. मागील पंधरा दिवसांत आजारी असल्याचे सांगणारे ग्रामीण भागात शेकडा ६.८, तर शहरांत ९.१ निघाले. शहरे अधिक रोगट, असा अर्थ मात्र लगेच काढू नये. दवाखाना जवळ असला की दुखणे सांगण्याची सवयही वाढते. रुग्णालयात दाखल न होता घेतलेल्या उपचारांपैकी सुमारे ४३ टक्के खाजगी दवाखान्यांत, ३० टक्के शासकीय संस्थांत आणि २३ टक्के खाजगी रुग्णालयांत झाले.

आपणांस खटकेल असा आकडा पुढेच आहे. यांपैकी सुमारे ९५ टक्के उपचार ॲलोपॅथीचे होते. याउलट ७९ व्या फेरीतील केवळ आयुषसाठी झालेल्या सर्वेक्षणात (जुलै २०२२ ते जून २०२३) वर्षभरात आयुष पद्धतींचा उपयोग केल्याचे ग्रामीण भागातील सुमारे ४६ व शहरांतील ५३ टक्के लोकांनी सांगितले. त्यांत आयुर्वेद अग्रस्थानी होता. दोन्ही आकडे खरे आहेत, प्रश्न निराळे आहेत. पहिल्यात पंधरवड्यातील आजारावरचा उपचार मोजला, दुसऱ्यात वर्षभराचा, प्रतिबंधासाठी केलेलाही उपयोग मोजला. लोक आयुर्वेद वापरतात, परंतु ज्वर चढला की दुसरीकडे जातात, असा याचा सरळ अर्थ आम्ही घेतो.

आमच्या दिंडोशीत हे रोज दिसते. संतोषनगर असो वा नागरी निवारा, चाकरमानी परतल्यावरच दवाखाने भरतात. रुग्णाला उद्या कामावर जायचे असते; लंघन, पाचन आणि दोन दिवसांची विश्रांती त्याला परवडत नाही. त्याच्याशी वाद घालण्यात हशील नाही.

याखेरीज एक गोष्ट सहसा बोलली जात नाही. महाराष्ट्रात १९९२ व १९९९ च्या शासकीय आदेशांच्या आधारे आपल्यापैकी अनेक पदवीधर आधुनिक औषधे देतात. सर्वेक्षणात उपचार कोणता घेतला हे विचारले जाते, वैद्याची पदवी नव्हे. त्यामुळे आपल्याच दवाखान्यातील ती भेट दुसऱ्या रकान्यात पडते. आयुर्वेदास रुग्ण नाहीत, असे कोणी या आकड्यांवरून म्हणू लागल्यास उत्तरादाखल आपल्या हाती काय आहे?

औषधविक्रेत्यांचा भाग याहून नाजूक आहे. आयुर्वेदीय औषधांच्या निर्मितीस परवाना लागतो, निव्वळ विक्रीस लागत नाही. साहजिकच पुष्कळ रुग्ण वैद्यास न भेटता दुकानातूनच औषध नेतात. च्यवनप्राशापुरते ते ठीक. पण वत्सनाभ, भल्लातक यांसारखी अनुसूची ई(१) मधील द्रव्ये असलेल्या पोटात घ्यावयाच्या औषधांवर वैद्यकीय देखरेखीची सूचना छापावी लागते, ती कोणी वाचून दाखवीत नाही.

म्हणून येत्या तिमाहीत प्रत्येकाने एक साधी नोंदवही ठेवावी, असे आम्ही सुचवितो. तक्रार कोणती, ती किती दिवसांची, आधी उपचार कोठे घेतला, आज आपण काय दिले आणि रुग्ण परत आला की नाही, एवढेच लिहावे. नाव-पत्ता या वहीत नको. विक्रेत्यांनी चिठ्ठीविना औषध मागणाऱ्यांची रोजची संख्या टिपावी, आणि ई(१) चे औषध मागणाऱ्यास आधी जवळच्या वैद्याकडे पाठवावे.