तिसरी चढाई आणि चौथा प्रयत्न

गिरडची टेकडी विदर्भाला परिचित आहे ती शेख फरीद बाबांच्या दर्ग्यामुळे. समुद्रपूर तालुक्यातील या गावी नवस फेडायला येणाऱ्यांत हिंदू किती आणि मुसलमान किती, याचा हिशेब कोणी ठेवत नाही. गेल्या हिवाळ्यात मी तेथे गेलो तो मात्र नवसासाठी नव्हे, तर एका विद्यार्थ्याच्या आग्रहावरून कबड्डीचे सामने पाहण्यासाठी. अर्थशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला मैदानावर शिकण्यासारखे काही मिळेल अशी अपेक्षा नव्हती. परतताना मात्र डोक्यात कबड्डीपेक्षा अर्थशास्त्रच अधिक घोळत होते.

शेवटच्या सामन्यात एक संघ २४-२० असा आघाडीवर होता आणि पाच मिनिटांचा खेळ उरला होता. आघाडीवरील संघाच्या कर्णधाराने सोबत्यांना वेळ काढण्याची खूण केली. त्याप्रमाणे चढाईपटू निदानरेषा ओलांडी, दम घोकत क्षणभर रेंगाळे आणि कोणालाही न शिवता मागे फिरे. अशा दोन चढाया रिकाम्या गेल्या. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण मिळवलाच पाहिजे, नाहीतर चढाईपटू बाद होतो आणि प्रतिपक्षाला गुण मिळतो, असा आजचा नियम आहे. २०१४ साली सुरू झालेल्या प्रो कबड्डी लीगने तो घराघरांत पोहोचवला. तिसरा गडी गेला तेव्हा बचाव करणारे त्याची वाटच पाहत होते. त्याची पकड झाली. पुढे आघाडी विरघळत गेली आणि सामना २५-२४ असा प्रतिपक्षाने जिंकला.

मांडवाबाहेर पडताना लोकांच्या तोंडी एकच नाव होते, त्या तिसऱ्या गड्याचे. त्याने सामना घालवला, असा एकमुखी निकाल लागला होता. कर्णधाराला कोणी काही म्हणाले नाही. माझ्या मते सामना गेला तो पहिल्या दोन चढायांत.

रिकाम्या चढाईची किंमत

थोडा हिशेब मांडू. पहिल्या किंवा दुसऱ्या चढाईत गड्यापुढे तीन शक्यता असतात. गुण मिळेल, पकड होईल, किंवा काहीच न घडता तो परत येईल. तिसऱ्या चढाईत मधली सुटकेची वाट बंद होते. काहीच न घडणे हाही तेथे पराभवच ठरतो. शिवाय हे प्रतिपक्षालाही ठाऊक असते. दुसऱ्या चढाईत गडी खरोखर अंगावर येणार की नुसता फिरून जाणार, या संभ्रमात बचावफळी असते. तिसऱ्या चढाईत तो संभ्रम उरत नाही. म्हणजे तोच गडी, तेच मैदान आणि तेच कौशल्य असूनही केवळ धाडसाची वेळ पुढे ढकलल्यामुळे ते धाडस महाग होते.

अर्थात, रिकामी चढाई नेहमीच चूक असते असे नाही. तिसऱ्या चढाईसाठी खास तयारीचा गडी राखून ठेवणारे आणि पहिल्या दोन चढाया विचारपूर्वक रिकाम्या घालवणारे संघही असतात. तो त्यांचा हिशेब असतो. गिरडच्या त्या कर्णधाराने हिशेब केला नव्हता. त्याने हिशेब टाळला होता. धोका न पत्करणे म्हणजे काही न गमावणे, अशी त्याची समजूत होती. वस्तुतः रिकाम्या चढाईलाही किंमत असते. ती ताबडतोब वसूल होत नाही, एवढेच.

एका अर्थशास्त्रज्ञाचे फुटबॉल

हाच प्रश्न एका नामवंत अर्थशास्त्रज्ञाने वेगळ्या मैदानावर तपासला आहे. अमेरिकन फुटबॉल हा आपल्या फुटबॉलहून निराळा खेळ आहे. त्यात चेंडू हातात घेऊन प्रतिपक्षाच्या हद्दीत घुसायचे असते. दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी संघाला चार प्रयत्न मिळतात. ते अंतर कापले की नव्याने चार प्रयत्न सुरू होतात. तीन प्रयत्नांत काम झाले नाही, तर चौथ्याच्या वेळी पेच उभा राहतो. चेंडू लाथेने दूर प्रतिपक्षाकडे भिरकावून देता येतो. म्हणजे ताबा जातो, पण शत्रू लांब राहतो. खांब जवळ असतील तर लाथेनेच तीन गुण मिळवता येतात. किंवा चौथा प्रयत्नही पुढे सरकण्यासाठी करता येतो. तो फसला तर चेंडू आहे त्याच जागी प्रतिपक्षाच्या हाती जातो. पिढ्यान्‌पिढ्या प्रशिक्षकांचे उत्तर ठरलेले होते, ते म्हणजे लाथ मारा.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील शाखेतील डेव्हिड रोमर यांनी १९९८ ते २००० या तीन हंगामांतील सामन्यांच्या पहिल्या चतुर्थांशातील खेळ अभ्यासला. मैदानावरील प्रत्येक जागी चेंडूचा ताबा सरासरी किती गुणांच्या मोलाचा आहे, हे त्यांनी काढले आणि त्यावरून चौथ्या प्रयत्नाचा ताळा मांडला. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाचा निष्कर्ष थक्क करणारा आहे. पुढे सरकण्याचा प्रयत्न करणेच सरासरीने हिताचे होते असे १,०६८ प्रसंग त्यांना आढळले. त्यांपैकी ९५९ प्रसंगी संघांनी लाथच मारली होती. कोट्यवधी डॉलरांचा हा व्यवसाय, त्यात विजयावर सर्वस्व अवलंबून असलेली माणसे, आणि तरीही ही स्थिती. प्रत्येक संस्था आपले हित जास्तीत जास्त साधते, हे गृहीतक आम्ही वर्गात फळ्यावर लिहून पुढे जातो. रोमर यांनी ते मैदानावर नेले आणि तेथे ते टिकले नाही.

दोष कोणाच्या माथी?

असे का व्हावे? प्रशिक्षकांना गणित येत नव्हते, हे उत्तर फार सोपे झाले. खरे कारण दोषाच्या वाटपात आहे. लाथ मारून संघ हरला तर संघ हरतो. चौथा प्रयत्न फसून संघ हरला तर प्रशिक्षक हरतो. १५ नोव्हेंबर २००९ रोजी न्यू इंग्लंड संघाचे प्रशिक्षक बिल बेलिचिक यांनी इंडियानापोलिसविरुद्ध ३४-२८ अशी आघाडी असताना, दोन मिनिटांचा खेळ उरला असताना, स्वतःच्याच हद्दीत चौथ्या प्रयत्नात दोन यार्ड मिळवण्याचा डाव टाकला. तो थोडक्यात फसला आणि सामना ३५-३४ असा गेला. त्या निर्णयाच्या बाजूने आकडेमोड करणारे पुष्कळ निघाले. तथापि वृत्तपत्रांत झोड उठायची ती उठलीच. फेब्रुवारी २०१८ मध्ये फिलाडेल्फियाच्या संघाने याच बेलिचिक यांच्या संघाविरुद्धच्या अंतिम सामन्यात चौथ्या प्रयत्नाचे धाडस केले, सामना ४१-३३ असा जिंकला आणि त्याचे कौतुक झाले. जानेवारी २०२४ मध्ये डेट्रॉइट संघाचे दोन चौथे प्रयत्न फसले, सामना ३४-३१ असा गेला आणि प्रशिक्षक डॅन कॅम्पबेल टीकेचे धनी झाले. निर्णय एकाच जातीचे होते. निकाल बदलला तशी न्यायाची भाषा बदलली.

क्रिकेटच्या चाहत्यांना हे नवे नाही. मार्च १९६८ मध्ये पोर्ट ऑफ स्पेन येथे गॅरी सोबर्स यांनी २ बाद ९२ वर डाव घोषित करून इंग्लंडला १६५ मिनिटांत २१५ धावांचे आव्हान दिले आणि सामना गमावला. त्यांच्या अफाट कर्तृत्वाबरोबर तो एक डावही आजतागायत सांगितला जातो. उलट १९७१ च्या फेब्रुवारीत किंगस्टनला पहिला दिवस पावसात वाहून गेल्यामुळे फॉलोऑनची मर्यादा दीडशेवर आली होती. स्टेट बँकेत नोकरी करणाऱ्या आपल्या अजित वाडेकरांनी ते लक्षात ठेवले आणि १७० धावांच्या आघाडीवर सोबर्स यांच्या संघाला पुन्हा फलंदाजीस पाचारण केले. सामना अनिर्णित राहिला. पण आघाडी राखत बसण्याऐवजी ती वापरण्याची ही वृत्ती पुढे भारताने ती मालिका जिंकली तेव्हा उपयोगी पडली नसेल, असे कोण म्हणेल?

कचेरीत काम करणाऱ्यांना तर या रोगाची ओळख करून देण्याची गरजच नाही. सही करून चुकलेल्याची चौकशी होते. सही न करता नस्ती वरच्या टेबलाकडे सरकवणाऱ्याची कधी होत नाही. नस्ती अडल्यामुळे ज्याचे काम बुडाले, त्याचे नुकसान कोणत्याही रकान्यात भरले जात नाही. इतरांकडे बोट दाखवण्यापूर्वी माझेही सांगतो. विद्यार्थ्यांना निरुपयोगी झालेला एक भाग वगळून नवा घ्यावा, असे मला अनेक वर्षे वाटत होते. प्रत्येक बैठकीत ‘पुढील सभेत विचार व्हावा’ या शेऱ्याला मी मान डोलावली. त्या वर्षांत कितीतरी विद्यार्थी तो निरुपयोगी भाग पाठ करून बाहेर पडले. माझ्यावर कोणी ठपका ठेवला नाही. रिकाम्या चढाईचा आणखी दुसरा अर्थ काय असतो?

गिरडचा शेतकरी

येथवर वाचून कोणी म्हणेल की, धाडस करा, सरासरी तुमच्या बाजूने आहे, एवढाच या लेखाचा उपदेश. तसे म्हणणे धोक्याचे ठरेल. सरासरीचा आधार त्याला, ज्याला डाव पुन्हा पुन्हा मांडायला मिळतो. फुटबॉलचा संघ हंगामात कितीतरी वेळा चौथ्या प्रयत्नाला सामोरा जातो. एकदा फसले तर पुढच्या वेळी भरून निघते. गिरडच्या परिसरातील कोरडवाहू शेतकऱ्याला खरीप वर्षातून एकदाच मिळतो. कपाशीच्या किंवा सोयाबीनच्या ओळींत तो तुरीचे तास टाकतो, ते सर्वाधिक उत्पन्नासाठी नव्हे. एक पीक गेले तर दुसऱ्याने घर तगावे म्हणून. पुस्तकी पंडित याला मागासलेपणा म्हणत असत. मायकेल लिप्टन यांनी १९६८ सालीच दाखवून दिले की, ज्याला एक नापिकीही सोसवणार नाही, त्याच्यासाठी सुरक्षितता हाच शहाणपणाचा हिशेब असतो. शेतकऱ्याची सावधगिरी आणि कर्णधाराची सावधगिरी वरवर सारखी दिसते. एकाला सर्वनाशाचे भय असते, तर दुसऱ्याला बोलण्याचे.

बेलिचिक यांना ते धाडस का करता आले, याचेही उत्तर यात आहे. त्यांच्या पदरी तोवर तीन अजिंक्यपदे होती. एका फसलेल्या डावाने त्यांचे आसन डळमळणार नव्हते. ज्याच्या पायाखाली जमीन पक्की, त्यालाच चौथा प्रयत्न परवडतो. मग समाजात धाडसाची जबाबदारी कोणाची, हेही उघड आहे. ज्यांचे पगार ठरलेले, ज्यांची नोकरी कायम, अशा तुम्हांआम्हांची आणि आपण चालवतो त्या संस्थांची ती जबाबदारी आहे.

प्रत्यक्षात घडते ते उलट. ज्याला हरणे परवडत नाही, तो कर्जाचे बियाणे मृगाच्या भरवशावर मातीत टाकून दरवर्षी तिसरी चढाई करतो. आणि ज्यांना हरणे परवडते ते आपण निदानरेषा ओलांडून, कोणालाही न शिवता, दम राखून परत येतो. तो हरला की त्याचे नाव गावभर होते. आपण कधी हरतच नाही, कारण आपण खेळलेलोच नसतो.

त्या रात्री गिरडच्या मैदानावर पकडल्या गेलेल्या पोराजवळ जाऊन दोन शब्द बोलावेत, असे मनात आले होते. गर्दी होती, उशीर झाला होता, शेवटची गाडी चुकेल असे वाटले. मी निघून आलो. तीही एक रिकामी चढाईच झाली.