नाव सांगितलं, ओळख पटली का?

मंडळी, मागच्या महिन्यात रात्री साडेदहाला माझ्या संगणकावर एक चौकट उघडली. अमुक प्रोग्राम इंटरनेटवर जाऊ पाहतोय, जाऊ द्यायचं का? हे नाव मी कधी ऐकलेलं नव्हतं. आणि त्याच संगणकावर मी पेन्शनचं खातं बघतो. झोप उडाली.

आपण अशा वेळी नाव वाचतो आणि त्यावरून ठरवतो. फसगत होते ती इथेच. विंडोजमध्ये 'एसव्हीसीहोस्ट' नावाचा प्रोग्राम असतो. विंडोजच्या कितीतरी सेवा त्याच्यामार्फत चालतात, म्हणून तो यादीत एकदम डझनावारी दिसतो. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण मधली दोन अक्षरं उलटी करून 'एससीव्हीहोस्ट' नावाने वावरणारे व्हायरसही होऊन गेलेत! बरं, हुबेहूब तेच नाव लावायलाही कुणाला बंदी नाही.

मग विचारायचं, बाबा रे, तू राहतोस कुठे? टास्क मॅनेजरमध्ये त्या नावावर राइट क्लिक करून 'ओपन फाइल लोकेशन' निवडा. खरा एसव्हीसीहोस्ट विंडोजच्याच फोल्डरात, बहुधा 'सिस्टीम 32'मध्ये असतो. डाउनलोड्समध्ये सापडला तर तो तोतया समजा.

दुसरा प्रश्न, तुझा जामीन कोण? न्यायदर्शनात आप्ताचा, म्हणजे विश्वासू जाणकाराचा शब्द प्रमाण मानलाय. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये 'डिजिटल सिग्नेचर्स' असेल तर बघा. ही सही दोनच गोष्टी सांगते: फाइल कुणाच्या नावाने निघाली, आणि सही झाल्यावर तिच्यात फेरफार झालेला नाही. हेतू शुद्ध आहे, असं ती कुठेही म्हणत नाही. उलट, सही नसली म्हणून प्रोग्राम लबाड ठरत नाही. त्या प्रमाणपत्राला पैसे पडतात, घरी बसून प्रोग्राम लिहिणारा एखादा प्रामाणिक मुलगा ते घेत नाही.

ही चौकशी होईपर्यंत उत्तर 'नाही'. नकार उद्या मागे घेता येतो, बाहेर गेलेली माहिती परत आणता येत नाही.

माझ्या त्या पाहुण्याचं घर निघालं प्रिंटरच्या फोल्डरात, सहीही प्रिंटरच्या कंपनीचीच. तो प्रिंटर मी दोन वर्षांपूर्वीच भंगारात घातलाय! पण त्याच्यासाठी नवी आवृत्ती शोधणारा हा नोकर अजून बाहेर पडायला बघत होता. त्याला काढून टाकलं आणि झोपलो.