कॅफेवाल्या मावशींच्या गावी

इटलीची सहल करून आलेल्या कुणालाही विचारा. रोम, व्हेनिस, पिसाचा कललेला मनोरा आणि पायांना आलेले फोड, एवढंच ऐकायला मिळेल. खेडं दिसतं ते बसच्या काचेतून. म्हणूनच, मैत्रिणींनो, आज तुम्हांला सहलीची बस सहसा जात नाही अशा एका डोंगरातल्या गावी नेणार आहे. गावाचं नाव बार्दी.

आता हे गाव आम्हांला कसं ठाऊक? ह्यांची सारी नोकरी दक्षिण वेल्समध्ये, कोळशाच्या खाणींच्या खोऱ्यातल्या इस्पितळात झाली. तिथे कोपऱ्यावर एका इटालियन बाईंचं कॅफे होतं. मुलांना आइस्क्रीमची चटक तिथेच लागली आणि बाईंचं नाव पडलं ‘कॅफेवाली मावशी’. आज मावशी ऐंशीच्या घरात आहेत. कॅफे केव्हाच बंद झालं, पण स्नेह टिकला. त्यांचे आजोबा बार्दीचे. “तुम्ही लोक भेटल्याभेटल्या मूळ गाव विचारता ना? मग चला, दाखवते माझं,” म्हणाल्या, आणि गेल्या ऑगस्टमध्ये आम्ही निघालो.

पार्मा शहरापासून बार्दी साठेक किलोमीटर. रस्ता चेनो नदीच्या खोऱ्यातून वळणं घेत चढतो. ज्यांना गाडी लागते त्यांनी आलेपाकाची वडी जवळ ठेवावी हे बरं. मग एकाएकी तांबूस जॅस्परच्या खडकावर बसलेला किल्ला दिसतो. या किल्ल्याची एक दंतकथा आहे. लढाईवर गेलेल्या प्रियकराची वाट पाहत सोलेस्ते बुरुजावर उभी होती. शत्रूचे झेंडे येताना पाहून तो मेला असं समजून तिने खाली उडी घेतली. झेंडे त्यानेच जिंकून आणले होते! गाईड हे रंगवून सांगतो. मावशी मात्र ऐकायला थांबल्या नाहीत. “आमच्या गावात वाट पाहणाऱ्या बायका पुष्कळ झाल्या,” एवढंच म्हणाल्या.

आणि ते खरंच आहे. डोंगरातली जमीन ती केवढी, आणि त्यात खाणारी तोंडं दहा. एकोणिसाव्या शतकात इथले पुरुष हातऑर्गन वाजवत, फेरी करत परदेशी जाऊ लागले. पुढे वेल्सच्या खाणगावांत त्यांनी कॅफे काढली. बार्दीच्या ब्राकी घराण्याने सुरुवातीची दुकानं टाकली, म्हणून तिकडे इटालियन कॅफेला सरसकट ‘ब्राकी’च म्हणू लागले. आपल्या कोकणात मुंबईच्या मनिऑर्डरीवर घरं उभी राहिली, तशी इथे चहा, कॉफी आणि आइस्क्रीमवर.

मग १० जून १९४० उजाडला. इटली ब्रिटनविरुद्ध युद्धात उतरली आणि त्याच रात्री ब्रिटनमधल्या अनेक गावांत इटालियन दुकानांच्या काचा फुटल्या. पुरुषांना धरून नेलं. कालपर्यंत ज्याच्या हातची कॉफी प्यायची, तो आज शत्रू! त्यांतल्या कित्येकांना ‘अरँडोरा स्टार’ या जहाजातून कॅनडाला धाडलं. लिव्हरपूलहून निघालेल्या या जहाजावर २ जुलैला आयर्लंडच्या वायव्येला जर्मन पाणबुडीने टॉर्पेडो सोडला. आठशेहून अधिक माणसं गेली, त्यांत चारशेंहून जास्त इटालियन. एकट्या बार्दीची ४८.

मावशींचे आजोबा त्यांतले एक. आजीपाशी उरलं काय? चार मुलं, फुटक्या काचांचं दुकान आणि मोडकंतोडकं इंग्रजी. अनेक घरांना नक्की बातमी कळायलाच आठवडे लागले. आजीने तिसऱ्या दिवशी फळ्या ठोकून दुकान उघडलं. “ज्यांनी काच फोडली तेच चहा प्यायला आले. आजीने दिला. पैसे मात्र आधी घेतले,” मावशी सांगतात.

बार्दीच्या दफनभूमीत या माणसांच्या आठवणीसाठी एक लहानसं प्रार्थनाघर आहे. मावशी आत गेल्या आणि आजोबांच्या नावापाशी थांबल्या. आडनाव त्यांचंच, पण त्याच आडनावाची आणखीही नावं. कार्डिफच्या कॅथेड्रलमध्येही वेल्समधल्या मृतांचं स्मारक आहे, पण ते व्हायला २ जुलै २०१० उजाडावा लागला. सत्तर वर्षं! आजी तोवर कुठली राहायला? ते मला अजून पटत नाही.

आज गावाची वस्ती दोन हजारांच्या आसपास. ऑगस्टमध्ये मात्र परदेशी गेलेल्यांची मुलं-नातवंडं येतात आणि चौकात वेल्सच्या हेलाचं इंग्रजी ऐकू येतं. नात्यातल्या एका वहिनींनी आम्हांला जेवायला बोलावलं. आम्ही शाकाहारी म्हटल्यावर त्या क्षणभर गोंधळल्या, पण मग बटाट्याचा पाय आला: पातळ पारीत बटाटा, लीक नावाचा कांद्याचा प्रकार आणि चीज घालून भट्टीत भाजलेला. आपला आलूपराठाच, बरं का, फक्त तव्याऐवजी भट्टीतला. मग पालेभाजी आणि रिकोटा भरलेले तोर्तेल्ली. त्यांच्या कडा कापायला वहिनींनी खणातून काढलं ते थेट आपलं करंजीचं कातणं! एक लक्षात ठेवा, पार्माच्या प्रसिद्ध पार्मेझान चीजमध्ये वासराच्या पोटातलं विरजण असतं. कडक शाकाहारी असाल तर आधीच विचारून घ्या.

गरिबीच्या दिवसांत या डोंगरांना चेस्टनटने जगवलं. दगडी खोपटात मंद धुरावर कित्येक दिवस वाळवून त्याचं पीठ करतात आणि वर्षभर वापरतात. चव गोडसर, शिंगाड्याच्या पिठाची आठवण करून देणारी. वहिनींनी निघताना किलोभर पीठ बांधून दिलं. घरी आल्यावर मी त्याचे तुपात लाडू केले. पीठ आधी चाळून घ्यावं, कारण त्याच्या गुठळ्या होतात, आणि भाजताना आच अगदी मंद ठेवावी. मुळात गोड असल्याने ते चटकन करपतं. गूळ निम्माच पुरला. डबाभर मावशींकडे पाठवले. त्यांचा फोन आला, “आजी असती तर म्हणाली असती, लोणी फार घातलंय.”