सगळं हिरवं म्हणजे सगळं बरोबर?

मित्रांनो, आधीच सांगते, कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझ्या मराठीत ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडतीलच. पण हा लेख चुका सापडण्याबद्दलच आहे, तेव्हा चालवून घ्या!

सेकंड इयर संपल्यावर सुट्टीत मी पुण्यातल्या एका छोट्या फर्ममध्ये ट्रेनिंगला जात होते. काम असं, की परदेशातल्या जुन्या इमारतींचं लेझर स्कॅनिंग तिथलेच लोक करतात, डेटा इकडे येतो, आणि त्यावरून आपण कॅड ड्रॉइंग काढायचं. जुन्या कारखान्यांची मूळ ड्रॉइंग्ज एक तर हरवलेली असतात, नाही तर बांधताना साइटवर प्रत्यक्ष काय केलं गेलं ते त्यात नसतं.

स्कॅनर ट्रायपॉडवर बसून गोल फिरतो आणि चहूबाजूंना लेझर सोडतो. काही स्कॅनर प्रकाश भिंतीवर आपटून परत यायला किती वेळ लागला ते मोजतात, काही लहरीची फेज किती सरकली ते बघतात. वेळ मोजायची म्हटली तर १ मिलीमीटर अंतरासाठी जाऊन-येऊन जेमतेम ६.७ पिकोसेकंद मिळतात! (व्हायवाला विचारलं तर सांगा, सर खूश होतील.) असे कोट्यवधी बिंदू, प्रत्येकाला एक्स, वाय, झेड. याला म्हणतात पॉइंट क्लाउड. पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलचं स्कॅनिंग अँड्र्यू टॅलन या कलेतिहासाच्या प्राध्यापकांनी २०१० च्या सुमारास केलं, त्यात एक अब्जाहून जास्त बिंदू होते. आतले खांब एका रेषेत नाहीत हे त्यात स्पष्ट दिसलं. २०१९ मध्ये तिथे आग लागली, तेव्हा तोच डेटा मोलाचा ठरला.

थोडक्यात, खऱ्या भिंती सरळ नसतात. आणि माझी गडबड इथेच झाली.

मला एका बॉयलर हाउसचा प्लॅन दिला होता. क्लाउडचा जमिनीपासून सव्वा मीटरवर पातळ काप घ्यायचा, बिंदूंची जी रांग दिसेल तिच्यावर रेषा मारायची. मी ऑटोकॅडमध्ये एफ-८ दाबून ऑर्थो चालू ठेवला होता, फर्स्ट इयरच्या ग्राफिक्सची सवय! ऑर्थोमध्ये रेषा फक्त आडवी नाही तर उभी. एक १८ मीटरची भिंत मात्र काटकोनाला फक्त ०.१ अंश कमी होती. स्क्रीनवर कळतही नाही. पण गणित करून बघा: १८ मीटरवर ०.१ अंश म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ३१ मिलीमीटर. माझी सरळ रेषा बिंदूंच्या मधोमध गेली, म्हणजे मध्यावर फरक शून्य, एका टोकाला साधारण १६ आत, दुसऱ्या टोकाला १६ बाहेर. कामाची मर्यादा होती १० मिलीमीटर.

मग मी तपासणी केली. ड्रॉइंगवरून मॉडेल उभं करायचं, क्लाउड त्यावर ठेवायचा, आणि क्लाउडकंपेअरसारखं सॉफ्टवेअर प्रत्येक बिंदूचं मॉडेलपासूनचं अंतर काढून रंग देतं. शून्याजवळ हिरवा, एका बाजूला निळा, दुसऱ्या बाजूला लाल. माझं सगळं हिरवं! सरासरी फरक जवळजवळ शून्य. मी आनंदाने ‘चेक्ड बाय’च्या चौकटीत आपलं नाव टाकलं.

आमच्याकडे एक ड्राफ्ट्समन काका होते, पेन्सिल-टी-स्क्वेअरच्या काळापासूनचे. ते मागे येऊन उभे राहिले. “अगं, रंगांची पट्टी किती ते किती ठेवलीस?”

“उणे ५० ते अधिक ५०, काका.”

“मग १६ हिरवंच दिसणार! १० वर आण.”

आणलं, आणि भिंतीचं एक टोक निळं, एक लाल झालं. एक तृतीयांशाहून जास्त भाग मर्यादेबाहेर. सरासरी शून्य होती, कारण अधिक आणि उणे एकमेकांना खाऊन टाकत होते. म्हणून सरासरीबरोबर जास्तीत जास्त फरक आणि तो कुठे आहे हेही बघायचं, नाही तर सरासरी फसवते.

त्या भिंतीलगत नवीन पाइपलाइन जाणार होती. पाइपचे तुकडे वर्कशॉपमध्येच फ्लँज वेल्ड करून येतात. साइटवर १६ मिलीमीटर कमी पडले तर बोल्टची भोकं जुळत नाहीत, मग कापा, परत वेल्ड करा, तोपर्यंत बॉयलर बंद. ड्रॉइंग त्याच संध्याकाळी जायचं होतं. माझ्या पोटात गोळाच आला.

काकांनी आणखी दोन गोष्टी दाखवल्या. ‘बेस्ट फिट’ हे बटण फार लाडकं असतं. ते क्लाउड आणि मॉडेल आपोआप जुळवतं (यामागची आयसीपी पद्धत बेस्ल आणि मॅके यांनी १९९२ मध्ये मांडली). पण जुळवताना ते एका भिंतीची चूक चारी भिंतींवर वाटून टाकतं. त्यामुळे दोन्ही आपापल्या मूळ कोऑर्डिनेटवरच ठेवून तुलना करायची. आणि दुसरं, त्याच क्लाउडवरून काढलेलं ड्रॉइंग त्याच क्लाउडशी ताडून बघणं म्हणजे आपणच पेपर लिहून आपणच तपासणं. वेगवेगळ्या जागांवरचे स्कॅन जोडतानाच चूक झाली असेल तर ती कधीच दिसणार नाही. त्यासाठी टोटल स्टेशनने किंवा साध्या टेपने वेगळी घेतलेली मापं लागतात. आमच्याकडे साइटवरून आलेली सात मापं एका फाइलमध्ये पडून होती. मी ती उघडलीसुद्धा नव्हती.

ती उघडली. सातपैकी सहा जुळली. सातवं त्याच भिंतीच्या टोकाचं होतं.

रात्री नऊपर्यंत बसून भिंत तिरकी काढली, काकांनी चहा मागवला. ‘चेक्ड बाय’मध्ये या वेळी त्यांनी स्वतःचं नाव टाकलं. माझं ‘ड्रॉन बाय’मध्ये राहिलं.